भुताला दिलेला आवाज

टीव्हीवर भूत शोधणारे ते शहरी डिटेक्टिव्ह हातात यंत्रं घेऊन अंधाऱ्या तळघरात शिरले. ताई म्हणाली, “नकल्या, भुताला आवाज दे की!” मी आपला हौशी. घसा खाकरून थेट गेल्या वर्षी वारलेल्या वडिलांच्या आवाजात ओरडलो, “अगं, चहा टाकतेस ना?”

स्वयंपाकघरातून आई सहज म्हणाली, “टाकलाय हो!”

ताईचा हात तोंडावर गेला. ते डिटेक्टिव्ह वेडे, तळघरं धुंडाळत बसतात. गेलेलं माणूस माझ्या गळ्यात बसलं असेल, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

आई दारात आली, हातात गाळणी. वाटलं, आता फटका बसणार.

ती म्हणाली, “परत एकदा हाक मार ना.”

गल्लीभरच्या नकला करणारा मी, पण या वेळी माझ्याच आवाजात “आई” एवढंच निघालं.