दौंडचा फ्यूज जावईबापूंच्या खिशात होता

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. आमचा धंदा मेंढरांचा. दिवाळी झाली की आप्पा आणि आई कळप घेऊन कोकणच्या बाजूला निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. माळावर, ओढ्याकाठी, मसणवट्याला लागून... जिथं शेतकरी मेंढरं बसवू देईल तिथं झोपायचं. भुतं असती तर सगळ्यात आधी आमच्या आप्पांना भेटली असती. आप्पांना भेटले ते लांडगे, आणि एकदा फॉरेस्टचा गार्ड. मी निमोण्यात मामाकडं राहून शिकलो. आई दिसायची ती पावसाळ्यात. पुढं एका रोगात निम्मा कळप गेला, उरलेला विकला, आणि आप्पा शिरूरला एका पशुखाद्याच्या दुकानाच्या गोडाऊनवर वॉचमन लागले. त्या पगारावर मी बी.एस्सी. कॉम्प्युटर झालो. घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी कुठंही सांगतो, म्हणून इथंही सांगितलं.

तर गोष्ट त्याच दुकानाची. आमच्याकडं फायबर यायच्या आधीची.

मालकांचं एक दुकान शिरूरला, दुसरं दौंडला. दौंडचं त्यांचे जावई बघायचे. तिथं किती पोती पेंड शिल्लक आहे हे मालकांना शिरूरात बसून बघायचं होतं. फोन करून विचारायचं की — पण जावयाला हिशोब विचारणार कसा? विचारला तर तिकडं मुलीच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलणार नाही. म्हणून व्हीपीएन. म्हणजे इंटरनेटमधून दोन दुकानांपुरता काढलेला खाजगी बोगदा. दौंडचा कॉम्प्युटर शिरूरच्या कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवल्यासारखा दिसतो.

मालक या कामाला पुण्याच्या एका पार्टीला बोलावणार होते. आप्पा मध्ये पडले, म्हणाले, माझं पोरगं करतंय. मालक म्हणाले, करू दे, पण न्हाई जमलं तर परत पोराचं नाव काढायचं न्हाई. आप्पांनी आयुष्यात कुणापाशी शब्द टाकला तो हा एकच.

पहिल्या दिवशी मी दौंडला जाऊन आलो. टेलिफोनच्या लाइनवरचा मोडेम ब्रिज केला — म्हणजे त्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, आलेली लाइन नुसती पुढं द्यायची. पुढचा सगळा कारभार मी बसवलेल्या राउटरनं बघायचा. इंटरनेट चालू झालं, जावईबापूंना दाखवलं, एसटी धरून न्हावऱ्यावरून परत आलो. राहिलं होतं शिरूरचं टोक.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिरूरच्या दुकानात बसून तेच केलं. वरच्या मजल्यावर मालकांचं घर, तिथं पुरण शिजल्याचा वास. अधिक महिना होता — धोंड्याचा. या महिन्यात जावयाला नारायण मानून पाटावर बसवायचं, धोंडे खाऊ घालायचे, कापडं करायची. मालक जिना चढताना मला म्हणाले, "जेवणं झाली की खाली येतो. तवा चालू दिसलं पाहिजे."

मी सेटिंग भरली, कनेक्ट दाबलं. हिरवा दिवा... लगेच. पहिल्या झटक्यात व्हीपीएन लागला असं सांगणाऱ्या माणसावर मी अजूनही विश्वास ठेवत नाही. पिंग मारला, म्हणजे पलीकडच्या कॉम्प्युटरला हाक मारून बघितली, तर दौंडचा कॉम्प्युटर उत्तर देतोय. स्टॉकची फाइल उघडली — सरकी पेंड, गोळी पेंड, भुस्सा, सगळं समोर. खात्रीला म्हणून दौंडच्या प्रिंटरवर एक कागद सोडला. त्यावर लिहिलं, ‘शिरूरहून नमस्कार’, खाली माझं नाव आणि डिग्री. गेला. मग आनंदानं जिना चढून वर.

जावईबापू पाटावर बसले होते. नवीन टोपी, पुढ्यात तुपात बुडलेले धोंडे. ते वर आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी सांगितलं, दौंड जोडलं. ते मान खाली घालून हळूच म्हणाले, "दुकान तर बंद हाय."

मी म्हटलं, कॉम्प्युटर चालू राहिला असेल.

त्यांनी खिशात हात घातला आणि ताटाशेजारी पांढरा चिनीमातीचा फ्यूज ठेवला. दुकानाचा मेन. गावाला जाताना शेजारचे लाइट चोरतात म्हणून हा माणूस फ्यूज काढून बरोबर नेतो. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, देवळात जातानाही असतो.

मालकांनी दौंडला शेजारच्या सलूनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, शटरला कुलूप, मीटरचा दिवा बंद, आणि गल्लीतच सकाळपासून लाइट नाही. यूपीएस तिथं नव्हता. मी घ्या म्हणालो होतो, कुणी ऐकलं नव्हतं.

सगळं घर खाली आलं. दिवा हिरवाच. पिंग चालूच. सासूबाईंनी राउटरला हळदकुंकू लावलं (मी फक्त पोर्टच्या बाजूनं नको म्हणालो), आणि मग तोच हात जावयाच्या कपाळाला. मालक हात जोडून उभे. म्हणाले, अधिक महिना हाय, साक्षात नारायण घरी जेवतोय, त्याच्या दुकानाला वीज कशाला लागतीय. मग गेटवरून आत आलेल्या आप्पांना म्हणाले, "हे तुझ्या पोराचं काम न्हाई, आप्पा. हे वरनं झालंय."

मला लागलं. तीन वर्षं कॉलेज, दोन दिवस खपलो, आणि श्रेय धोंडे खाणाऱ्याला? जावईबापूंनाही काही कळत नव्हतं, पण नाकारतही नव्हते. मालक म्हणाले, चालतंय तर आता हात लावू नको, पुढचं नारायण बघंल.

आप्पा सहसा मालकांपुढं बोलत नाहीत. तेव्हा बोलले. "मालक, नारायणाला रोज कुठं जेवायला बोलावणार तुम्ही? महिना संपला की पोरगंच लागंल. उद्या त्याला दौंडला जाऊ द्या."

मालकांनी मान डोलावली. संध्याकाळी मी शिरूरचं सामान बंद करून घरी गेलो.

सकाळी जावईबापूंच्या गाडीवर बसून दौंडला. शटर वर केलं. फ्यूज लावायच्या आधी मी थेट प्रिंटरकडं गेलो. ट्रेमध्ये कागद. शिरूरहून नमस्कार, माझं नाव, बी.एस्सी. जावईबापू जवळच्या पोत्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

फ्यूज लावला. आणि इंटरनेटच लागेना. लागणारच नव्हतं — मोडेम ब्रिजमध्ये नव्हता, फॅक्टरीतून आला तसा कोरा. मी विचारलं तेव्हा जावईबापू खाली बघत म्हणाले, परवा तुम्ही गेल्यावर तांबडा दिवा लुकलुकत होता, मोडेमच्या मागं एक बारीक भोक दिसलं, तिथं टाचणी घातली. ते रिसेटचं भोक.

म्हणजे काल वीज असती तरी चालायला नको होतं. वीजही नव्हती. तरी चाललं.

इथले हुशार लोक म्हणतील, पिंगला दुसऱ्याच मशीननं उत्तर दिलं, फाइल जुनी कॉपी होती. मीही आधी तेच म्हटलं. पण कागदाचं काय? त्या कागदाचं मला आजपर्यंत कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. जावईबापूंनी तो फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावलाय, त्याला रोज उदबत्ती. नारायणाच्या कागदावर डिग्री माझी आहे, एवढंच समाधान.

मी मोडेम परत ब्रिज केला, मागच्या भोकावर चिकटपट्टी मारली, शिरूरला आप्पांना फोन करून सामान चालू करायला सांगितलं, आणि कनेक्ट दाबलं. तिसऱ्या प्रयत्नात व्हीपीएन लागला, जसा लागायला पाहिजे तसा. मालकांनी शिरूरातून दौंडची पेंड बघितली आणि पुण्याच्या पार्टीला येऊ नका म्हणून कळवलं. दोन्ही दुकानांचं काम तेव्हापासून माझ्याकडं आहे. विजेशिवाय दौंड कुणी जोडलं मला माहीत नाही. विजेवर मी जोडलं.