बॉयलरदादाचा ब्राउन राईस

माझा दादा एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. एकतीस वर्षांत एकदाही वाफ गळू दिली नाही, हे तो नव्या माणसाला तिसऱ्या वाक्याला सांगतो. मी त्याची धाकटी बहीण, समोरच्याच दारात राहते. मी ते किती वेळा ऐकलंय, विचारू नका.

वहिनी गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दादा स्वतःचं स्वतः रांधतो. मध्यंतरी त्याची साखर वाढली आणि डॉक्टरीणबाईंनी पांढरा भात बंद करून ब्राउन राईस खायला सांगितलं. त्याच्या एकुलत्या एक लेकीने लगेच विजेवरचा राईस कुकर आणून दिला. बटण दाबायचं की झालं, म्हणाली.

आता गंमत बघा. पहिल्याच दिवशी झाकणाच्या भोकातून वाफ यायला लागली. दुसऱ्या कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. दादाचं डोकं फिरलं. त्याच्या डोळ्यांदेखत वाफ गळतेय म्हणजे काय? त्याने कारखान्यातली जुनी पेटी काढली, पॅकिंगची दोरी भोकात ठासून बसवली, झाकणावर जड इस्त्री ठेवली आणि निवांत पेपर वाचत बसला. या तांदळाला आधीच फेस फार, त्यात भांडं काठोकाठ भरलेलं. थोड्याच वेळात झाकण इस्त्रीसकट उडालं, फेस ओट्यावरून सॉकेटमध्ये गेला आणि आख्ख्या मजल्याची वीज गेली. इस्त्री दादाच्या पायापासून वीतभर लांब पडली म्हणून बरं.

भाची धावत आली. आधी बापाला कुठे भाजलं का ते पाहिलं, मग रडली, मग चिडली. "बाबा, एक महिना देते. तोवर हे नीट शिजवता आलं तर इथे राहा, नाहीतर माझ्याकडे चला. खोली तयार आहे."

पोरगी मायेनेच बोलत होती. पण दादाचा चेहरा खर्रकन उतरला. इथे वहिनीने लावलेले डबे अजून तिच्याच क्रमाने आहेत. लेकीकडे त्याला आयतं ताट मिळालं असतं आणि तो पाहुण्यासारखा बसून राहिला असता. मलाही समोरचं दार बंद बघवलं नसतं, ते मी काही बोलून दाखवलं नाही.

माहितीपुस्तक वाचणं त्याला कमीपणाचं वाटायचं. शेवटी मीच चष्मा लावला आणि वाचलं. मग त्याला सरळ विचारलं, "तुझ्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुणी दोरीने बंद केला असता तर?"

"कामावरून काढला असता त्याला," दादा म्हणाला. मग कुकरकडे बघत बसला. "अगं, मी व्हॉल्व्ह बंद केला," असं इतक्या हळू बोलला की मला पुढे टोमणा मारवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने जाड वही आणली, बॉयलरवर असायची तशी. तांदूळ, पाणी, सुरू, बंद, शेरा असे रकाने आखले. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घातलं तर दाणा कडक, सव्वादोन घातलं आणि अर्धा तास भिजवलं तर मऊ. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरायचं नाही. कुकर भिंतीवरच्या कपाटाखालून काढून मोकळ्या ओट्यावर, सॉकेटपासून लांब ठेवला. महिनाभर माझ्याकडे रोज वाटीभर नमुना यायचा. कच्चा, चिकट, लागलेला, सगळा मीच गिळला, कौतुक मात्र वहीचं.

महिना संपला त्या रविवारी भाची आली. दादाने भांडं बाहेरून कोरडं पुसलं, आत बसवलं, बटण दाबलं आणि समोर खुर्ची टाकून बसला. बॉयलर सोडून कुणी उठतं का? भोकातून वाफ निघाली तेव्हा मी त्याच्या हातांकडे बघत होते. हात मांडीवरून हलले नाहीत. बटण टक्कन वर आलं तशी भाची झाकण उघडायला गेली, तर याने तिला दहा मिनिटं थांबवलं. भात दाणा न् दाणा मोकळा. तिने दोनदा घेतला. उरलेला रात्रीपर्यंत कुकरमध्येच गरम राहू दे, असं ती म्हणाली. दादाने ऐकलं नाही. भात तासन्‌तास कोमट राहिला की पोट बिघडतं, म्हणत त्याने तो पसरट डब्यात काढला आणि वाफ जिरताच फ्रिजमध्ये ठेवला.

भाचीने वही उघडली. पहिल्या पानापासून सगळी वाचली, सावकाश. दादा पाण्याचा पेला हातात धरून उभाच. कारखान्यात दरवर्षी बॉयलर इन्स्पेक्टर यायचा, तेव्हाही दादा असाच उभा राहायचा म्हणे, आणि इन्स्पेक्टरने लिहिलेले शेरे घरी येऊन वाचून दाखवायचा. भाचीने लहानपणी ते ऐकलेले होते. तिने पेन मागितलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "तपासणी केली. वर्षभर चालू ठेवण्यास हरकत नाही." खाली सही, तारीख.

दादाने ते दोनदा वाचलं आणि लेकीसमोरच घळाघळा रडला. मीही रडले. मग मला म्हणाला, उद्याचा नमुना किती वाजता पाठवू?