हरण्याचा नवस

आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये त्या वर्षी जून ते ऑक्टोबर सकाळी साडेपाचला कॅनडातलं फुटबॉल चालायचं. दूधवाला पिशव्या टाकून जायच्या आत मी लॅपटॉप लावायची, ह्यांना शाल गुंडाळून खुर्चीत बसवायची आणि चहाचा कप हातात द्यायची. ह्या खेळातलं मला सुरुवातीला ओ की ठो कळत नव्हतं. नाव फुटबॉल, पण पायाचं काम कमी आणि खांद्याने ढकलाढकलीच जास्त. बारा-बारा धिप्पाड माणसं समोरासमोर वाकतात, एकमेकांवर कोसळतात, उठतात आणि परत वाकतात. दहा यार्ड पुढे सरकायला तीन संधी, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याकडे. मुलाने मला हे फोनवर तीनदा समजावलं आणि चौथ्यांदा चिडला.

मुलगा तिथल्या एका टीममध्ये नोकरीला होता. खेळाडू नव्हे. तो सामन्यांचे, सरावाचे व्हिडिओ कापून कोचना तयार करून द्यायचा. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झालेला सरळ बाप, आणि हा निघाला व्हिडिओ कापायला. कॅनडाच्या मधोमध, गव्हाच्या शेतांमध्ये आणि वाऱ्यात वसलेलं ते शहर. नातेवाईक विचारायचे, म्हणजे नक्की काय करतो? मी सांगायची, स्पोर्ट्समध्ये आहे. पुढे कोणी विचारत नसे.

त्या वर्षी मे महिन्यात डॉक्टरांनी ह्यांचे कागद बघून चष्मा काढला आणि मला बाहेर बोलावलं. विसरणं आता थांबणार नव्हतं, फक्त किती वेगाने पुढे जाईल ते सांगता येत नव्हतं. "बेटे को बुला लीजिए," ते म्हणाले, "अभी पहचान रहे हैं." हे 'अभी' माझ्या छातीत रुतून बसलं. मी त्याच संध्याकाळी मुलाला फोन केला.

"आई, सीझन सुरू होतोय यार," तो म्हणाला. "सीझनमध्ये सुट्टी नाही मिळत, बिल्कुल नाही. एक आठवडा रिकामा असतो, त्यातही आम्हाला काम असतं. सीझन संपला की पक्का येतो. महिनाभर राहतो."

"बाबांचा सीझन कोणाला विचारून संपणार आहे?" मी म्हटलं.

तो म्हणाला, "प्लीज, असं नको बोलूस."

मी चिडले, फोन ठेवला आणि जूनमध्ये पहिल्याच सामन्याला लॅपटॉप लावला. कारण आता सीझन कधी संपतो, हे माझ्या घराचं पंचांग झालं होतं. इनमीन नऊ टीम. त्यातल्या सहा पुढच्या फेरीत जातात, म्हणजे बाहेर राहायलाही कर्तृत्वच लागतं. बाहेर राहिली तर सगळं ऑक्टोबरअखेर आटोपतं. पुढे गेली आणि जिंकत राहिली, तर नोव्हेंबर उजाडून अर्ध्याच्या वर जातो.

ह्यांना खेळाशी देणंघेणं नव्हतं. ते मुलाला शोधायचे. मैदानाच्या कडेला टोप्या घालून उभ्या असलेल्या घोळक्यावर बोट ठेवून विचारायचे, "ह्यात कुठाय?" मी सांगायची, "तो वर असतो, काचेच्या खोलीत." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. जुलैमध्ये एकदा कॅमेरा खरंच त्या काचेवर गेला. क्षणभर, त्याहून जास्त नाही. कानांवर हेडफोन, समोर दोन स्क्रीन, मान खाली. मला कळायच्या आत हे म्हणाले, "केस वाढलेत त्याचे. कापायला सांग." मी तिथेच रडले. संध्याकाळी फोनवर मुलालाही सांगितलं.

ऑगस्टमध्ये ह्यांनी माझ्या भावाला ओळखलं नाही. सप्टेंबरात सोसायटीच्या गेटवर उभं राहून गार्डला आर. के. पुरमच्या जुन्या क्वार्टरचा नंबर सांगितला आणि तिकडे जाणारी बस कुठून सुटते ते विचारलं. टीम तेव्हा मधोमध लटकत होती. दोन सामने जिंकली असती तर आत, हरली असती तर बाहेर. मुलगा फोनवर उड्या मारत होता, "आई, होप आहे!" त्याची होप ऐकली की मी कॅलेंडरवर नोव्हेंबरचं पान उलटून बघायची.

एका मंगळवारी शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवून मी दोनदा मेट्रो बदलली आणि सरोजिनी नगरला गेले. मार्केटमध्ये पोरी स्वस्त टॉपच्या ढिगाऱ्यावर तुटून पडल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत गणपतीच्या देवळात गेले. आर. के. पुरमला होतो तेव्हा मुलाच्या दर परीक्षेला मी इथेच यायची. बारावीला नवस बोलले, इंजिनिअरिंगला बोलले, व्हिसाला बोलले. दर वेळी पास कर, मिळू दे, होऊ दे. त्या दिवशी पहिल्यांदाच हात जोडून म्हटलं, बाप्पा, हरव त्यांना. लवकर हरव. एकवीस मोदक वाहीन.

मला त्यात काही वाईट वाटलं नाही. आज वाटतं, आणि फार वाटतं, पण तेव्हा खरंच नाही. चौतीस वर्षं मी सरकारी नोकराच्या घरात काढली. ह्यांच्या मंत्रालयात योजना फसल्या, आख्खी वर्षं वाया गेली, पेपरात छी-थू झाली. एक तारखेला पगार आला. फार तर कोणाची बदली झाली, कोणाचं प्रमोशन लांबलं. वर्ष वाईट गेलं म्हणून टेबलावरचा माणूस उठवून रस्त्यावर उभा करतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. हरले तर हरले, पुढच्या वर्षी खेळतील. पोरगा तेवढा तीन-चार आठवडे आधी येईल. एवढाच माझा हिशोब.

गणपतीने ऐकलं. नको तेव्हाच नेमका ऐकतो. टीम हरली, परत हरली आणि ऑक्टोबरात शेवटची आशा असलेल्या सामन्यात बरोबरीत आली. ह्या खेळात एक विचित्र नियम आहे. गोलाच्या खांबांमधून मारायची किक चुकली, पण चेंडू मागच्या हद्दीबाहेर गेला, तर मारणाऱ्याला एक गुण मिळतो. चुकल्याबद्दल गुण! शेवटच्या क्षणी समोरच्याची किक चुकली, चेंडू खांबाच्या बाजूने मागे पार निघून गेला आणि आमची टीम त्या एका गुणाने हरली. मी टाळी वाजवली. मला बघून ह्यांनीही वाजवली.

"जिंकलो?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी उकड काढली, एकवीस मोदक वळले आणि डबा घेऊन देवळात गेले. उरलेल्या उकडीचे दोन ह्यांना तूप घालून दिले. "आज काय आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुमचा लेक येतोय." ते हसले. त्या दिवसाइतकी हलकी मी वर्षभरात झाले नव्हते.

सीझन संपून तीन दिवस झाले आणि मुलाचा फोन आला. मी आधी तिकिटाचंच विचारलं.

"आई, हेड कोचला काढलं."

"बरं मग?"

"मग काय? नवा कोच आपली माणसं घेऊन येतो. आम्ही सगळे बाहेर."

"पण तू काय केलंस? तू तर फक्त व्हिडिओ..."

"हरलो ना, आई. इथे असंच असतं."

मी विचारलं, नोकरी नाही तर मग ये ना आत्ताच. तो थकलेल्या आवाजात म्हणाला की त्याचं तिथे काम करायचं परमिट नोकरीला बांधलेलं आहे. आता देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नाही, आणि बाकीच्या टीमचे इंटरव्ह्यू थंडीतच होतात. "पुढे गेलो असतो तर वाचलो असतो," तो म्हणाला. "फायनल हरून पण वाचलो असतो. नोव्हेंबरच्या शेवटी येऊन पण गेलो असतो." मग म्हणाला, "तू रडू नकोस. तुझा काय दोष?"

मी त्याला सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

डिसेंबरात धुकं पडलं आणि ह्यांना न्यूमोनिया झाला. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये काढून घरी आले ते निम्मेच आले. मला 'अगं' म्हणायचे ते 'अहो बाई' म्हणू लागले. व्हिडिओ कॉलवर मुलगा "बाबा, बाबा" करायचा आणि हे माझ्याकडे बघून विचारायचे, "ह्या गृहस्थांचं काय काम आहे?" मी फोन माझ्याकडे वळवायची आणि सांगायची, आज झोप झाली नाही रे त्यांची. तो विश्वास ठेवायचा, किंवा तसं दाखवायचा.

त्याला दुसऱ्या टीममध्ये आधीपेक्षा खालची नोकरी मिळाली आणि फेब्रुवारीत तो आला. दहा दिवसांसाठी. सकाळी टॅक्सीतून उतरला, तेव्हा हे खिडकीपाशी पेपर उलटा धरून बसले होते. मी म्हटलं, "अहो, कोण आलंय बघा." हे पेपर घडी करून उठले. ऑफिसात कोणी भेटायला आलं की उठायचे, अगदी तसे.

"या, या. बसा. कुठून आलात?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"कॅनडातून," तो म्हणाला.

"अरे वा!" ह्यांचा चेहरा उजळला. "आमचा मुलगा तिथेच असतो. फुटबॉलच्या टीममध्ये आहे. सध्या सीझन चालू आहे, नाहीतर आला असता. सीझन संपला की यायचाय तो."

"हो?"

"हो तर. तुम्हाला भेटला कुठे, तर एवढं सांगा त्याला. केस फार वाढवलेत, कापून घे म्हणावं."

मुलाने आपल्या बारीक कापलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"सांगतो," तो म्हणाला.