लिफ्टवाल्या मावशींचा डोंगर

"गोरिला?" दादा ओरडला आणि पाठोपाठ शिंकला. "अगं बये, एवढीच हौस असेल तर प्राणिसंग्रहालयात जा. पिंजऱ्यासमोर बसायला बाकडंही असतं."

"पिंजऱ्यातला नाही बघायचा मला," मावशी म्हणाल्या. "पिंजऱ्यात मीच बसले आयुष्यभर."

नवरा गेल्यावर त्याच्या जागी मावशी नोकरीला लागल्या, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्या एका सात मजली कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवत होत्या. जाळीचं दार, पितळी दांडा आणि एक स्टूल. सुरुवातीला बाई लिफ्ट चालवते म्हणून काही पुरुष मुद्दाम जिना चढून जात. मावशी रिकामी लिफ्ट घेऊन त्यांच्या आधी वर पोचत, दार उघडून उभ्या राहत आणि धापा टाकणाऱ्या साहेबाला गोड आवाजात विचारत, "आलात का?" महिन्याभरात जिना ओस पडला.

पण लिफ्टमध्ये माणसं माणसांकडे बघत नाहीत. कोणी वरचे आकडे बघतं, कोणी स्वतःचे बूट. मजला सांगायचा तोही हवेत. मावशींना त्याचं वाईट वाटेनासं झालं होतं. मग तिसऱ्या मजल्यावर एक प्रवासी कंपनी आली आणि तिने लिफ्टच्या भिंतीवर, नेमकं स्टुलासमोर, एक मोठं छायाचित्र लावलं. ओल्या झाडीत बसलेली गोरिला मादी, पाठीवर पिल्लू, आणि नजर सरळ समोर. त्या डब्यात मावशींकडे तोंड करून बसलेली तेवढी एकटीच. कंपनी उठून गेली, चित्रही गेलं, भिंतीवर चार भोकं राहिली. मावशी त्या भोकांकडे बघत म्हणत, "येईन गं मीच कधीतरी."

आता ती वेळ आली होती. नवऱ्याच्या मागे पडून राहिलेला गाळा त्यांनी विकला, गोरिला बघायच्या परदेशी सहलीचं आरक्षण केलं आणि मगच घरात सांगितलं. माहिती त्यांनी पक्की काढली होती. वाटाड्या बरोबर असतो. डोंगरातून, दाट झाडीतून, कधी कधी अर्धा दिवस चालावं लागतं. गोरिला भेटले की तासभर थांबायचं, तेही अंतर राखून.

"आणि सर्दी झालेल्या माणसाला त्यांच्या जवळपास फिरकू देत नाहीत," मावशी म्हणाल्या. "त्यांना लागण होते म्हणून. तेव्हा दादा, तू येतो म्हणालास तरी उपयोग नाही."

दादाने रुमाल खिशात कोंबला. त्यांचा हा थोरला भाऊ गाडी चालवायच्या परवान्याच्या परीक्षा घेणारा अधिकारी होता. नोकरी संपली, तरी समोर आलेल्या माणसाला पास-नापास करायची खोड काही गेली नव्हती. मावशींचं लग्न, मुलाचं शिक्षण, घराचा रंग, सगळ्यावर त्याचा शिक्का उमटलेला.

"मामा म्हणतो ते बरोबर आहे, आई," मुलगा म्हणाला. "तुझे गुडघे बघ. तिकडे काही झालं तर?" पारपत्र त्याने सांभाळून ठेवतो म्हणून आधीच आपल्या कपाटात कुलपात टाकलं होतं.

"भांडण नको," दादा म्हणाला. "चाचणी घेऊ. पाण्याच्या टाकीची टेकडी. वर जायचं, खाली यायचं, कोणाचा हात धरायचा नाही. पास झालीस तर पारपत्र तुझ्या हातात."

"चालेल," मावशी म्हणाल्या. सूनबाईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी सरावाला लागल्या. कुठे? तर आपल्या जुन्या इमारतीत. त्यांच्या जागी आलेला लिफ्टमन उंच होता, स्टुलावर बसला की गुडघे छातीशी यायचे. सगळे त्याला ढांग्या म्हणत. खांद्यावर जड पिशवी घेऊन मावशी सातही मजले चढत. पहिल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर कठड्याला टेकावं लागलं. नंतर टेकणं सुटलं. पुढे पुढे तर कचेरीतली तरुण मंडळी त्यांना वाट द्यायला लागली. वर पोचलं की ढांग्या दार उघडून उभा असे. मावशी रुबाबात लिफ्टमध्ये शिरून खाली येत आणि पुन्हा जिन्याला लागत.

खाली येणं हे लिफ्टचं काम, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही, आणि ढांग्यालाही नाही. तोही लिफ्टवालाच.

चाचणीच्या सकाळी मावशी टेकडी अशी चढल्या की मुलगा मागे राहिला. दादा तर अर्ध्या वाटेवर दगडावर बसून "मी इथूनच बघतो" म्हणाला. वर टाकीच्या भिंतीला हात लावून मावशींनी ओरडून विचारलं, "दिसतेय ना रे?" सूनबाईने टाळ्या वाजवल्या.

मग त्या उतरायला लागल्या.

दहा-वीस पावलांतच पाय थरथरू लागले. मांड्यांत गोळे आले. डावा गुडघा आपला नसल्यासारखा वाकडा पडायला लागला. चढताना ओळखीची वाटलेली वाट आता पायाखालून निसटत होती. मुलाने हात पुढे केला.

"हात नाही धरायचा," मावशी दात आवळून म्हणाल्या आणि सरळ खाली बसल्या. मग बसल्या बसल्या, लहान मूल जिना उतरतं तशा, सरकत सरकत खाली येऊ लागल्या. खडे टोचत होते, कोपर सोलवटलं. फिरायला आलेले लोक थांबून बघत होते.

"बघा हं, नीट बघा!" मावशी त्यांना म्हणाल्या. "तिकीट नाही!"

पायथ्याशी पोचून त्यांनी कपडे झाडले. दादा हळूहळू मागून आला.

"नापास," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, पण शिक्का होता.

"चढायची तयारी केली, उतरायची केलीच नाही," मावशी म्हणाल्या. "माझीच चूक. रोज लिफ्टने खाली आले."

"मग जाऊ दे ना आता, आई," मुलगा म्हणाला.

"का जाऊ दे? उतरायचंही शिकेन. अजून वेळ आहे."

दादा घसा खाकरून म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी घेऊ."

"नाही दादा." मावशींनी कोपरावरची माती पुसली. "मी तुझी अट मानली ही दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी. मला डोंगर उतरता येतो की नाही हे मला बघायचंय, तुला दाखवायचं नाही. माझं पारपत्र मला हवंय. आज."

मुलाने मामाकडे पाहिलं. मामाने टेकडीकडे पाहिलं. तेवढ्यात सूनबाई शांतपणे म्हणाली, "चला आई. त्या कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते."

"अगं, पण—" मुलगा म्हणाला.

"तुम्ही मामांना घरी सोडून या," सूनबाई म्हणाली. "गाडीतून त्यांना जपून उतरवा."

दोन दिवस मावशींना बसलं की उठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या इमारतीत हजर झाल्या. पारपत्र हातातल्या पर्समध्ये होतं. तिथून ते आता हलणार नव्हतं.

"पिशवी कुठे?" ढांग्याने विचारलं.

"सातवा," मावशी म्हणाल्या.

त्यांना वर सोडून ढांग्या दार धरून घुटमळला. "मावशी, घ्यायला केव्हा येऊ?"

"यायचंच नाही. तू जा खाली."

त्या कठडा न धरता एकेक पायरी उतरू लागल्या. पाचव्या मजल्यावर मांड्या बोंबलू लागल्या. चौथ्यावर त्या थांबल्या, गुडघ्याला दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा निघाल्या. शेजारून लिफ्ट वर गेली, खाली गेली. जाळीआड माणसं आकडे बघत उभी होती. ढांग्याने मात्र त्यांना पाहून वेग कमी केला. मावशींनी हातानेच त्याला हाकललं.

तळमजल्यावर तो दार उघडून वाटच बघत होता.

"आलात का?" त्याने गोड आवाजात विचारलं.

"आले," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "चल, परत वर ने."