माझ्या अंगठ्यावर चालणारं केंद्र

रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा मी अकरावीत होते. डहाणू तालुक्यात, गंजाडच्या एका पाड्यावर आमचं घर. जमीन होती ती सगळी उताराची. तिच्यात नागली व्हायची, ती दिवाळीनंतर दोन-तीन महिने पुरायची. बाप गवत कापायला आणि गवताच्या गाड्या भरायला जायचा. आई आशागडच्या पुढे चिकूच्या वाड्यांमध्ये कामाला. चिकू धुवायचे, घासायचे, लहान-मोठे वेगळे करून खोक्यात लावायचे. चिकूचा चीक हाताला बसला की निघत नाही. तो दगडाने घासून काढायचा. असं पंधरा वर्षं केल्यावर आईच्या बोटांची टोकं गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती.

मशीनने आईचा अंगठा घेतला नाही. दुकानदाराने दहाही बोटं लावून पाहिली. "बाई, तुझ्या बोटांवर काहीच राहिलं नाही. मी तरी काय करू?"

बापाचं नाव कार्डावर होतं, पण तो तेव्हा गवताच्या कामाला दूर गेला होता आणि माझं नाव अजून चढवलेलं नव्हतं. तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या. घरातला तांदूळ संपला. मग रानातले कडू कंद आणून, रात्रभर पाण्यात ठेवून, उकडून खाल्ले. आई एकदाच बोलली, "पहिले सही येत नाही म्हणून अंगठा मागायचे. आता अंगठा पण चालत नाही."

मी तिला घेऊन डहाणूला आधारच्या केंद्रात गेले. तिथे खुर्चीत एक बाई बसली होती. साधीच, माझ्या मावशीसारखी. तिने आईचा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "आठ दिवस या हातांना चीक लावू नका. खोबरेल चोळा. मग या." आठ दिवस आईच्या जागी मी चिकू धुतले. नवव्या दिवशी डाव्या हाताच्या एका बोटाचा ठसा उमटला. रेशन मिळालं. मला मात्र तांदळापेक्षा त्या बाईची खुर्ची जास्त लक्षात राहिली.

पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या पाड्यावर कॉलेज पूर्ण करणारं पहिलं माणूस मी. बाई नाही, माणूस. हे मी मुद्दाम लिहिते. अर्धा रस्ता पायी आणि अर्धा टमटममध्ये दाटीवाटीने बसून मी ते केलेलं आहे. कॉम्प्युटरचा कोर्स केला, परीक्षा दिली. लग्न होऊन तलासरीकडे आले तेव्हा दाखले काढायच्या केंद्राचा कोड माझ्या नावावर मंजूर झाला होता. लग्नाआधीच मी नवऱ्याला सांगितलं होतं, मी केंद्र टाकणार. तो म्हणाला, "टाक ना. मी कुठे नाही म्हणतो?" आणि खरंच नाही म्हणाला नाही. रस्त्यालगतचा गाळा त्यानेच शोधला. उंबरगावच्या कंपनीतून सुटला की तो तिकडेच यायचा. मी लोकांचे फॉर्म भरताना तो दारात उभा राहून बघायचा. त्याच्या तोंडावरचा आनंद मी पाहिलेला आहे. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो.

मला सातवा महिना लागला आणि कंपनीने त्याला ब्रेक दिला. ठेक्यावरच्या माणसांना असाच देतात, परत बोलवतीलच असं नाही. तो माझ्याबरोबर केंद्रात बसायला लागला. शिकायला हुशार. मी बाळंतपणाला गंजाडला गेले तेव्हा केंद्र बंद ठेवायचं का, हा प्रश्न आला. नियम साधा आहे. कोड ज्याच्या नावाचा, त्यानेच बसायचं. रोज सकाळी त्याने अंगठा लावल्याशिवाय काम उघडतच नाही.

तोड मीच काढली. चूक माझीच, ती दुसऱ्यावर ढकलत नाही. मी म्हणाले, "तू सकाळी मशीन घेऊन ये. मी अंगठा लावते."

तो रोज सकाळी बाइकवरून लॅपटॉप आणि थंब मशीन घेऊन यायचा. गंजाडच्या आमच्या घरात रेंज नाही. मी ओली बाळंतीण, पोरीला फडक्यात गुंडाळून मागच्या टेकाडावर चढायचे. तिथे अंगठा लावला की काम उघडायचं. लॅपटॉप बंद केला तर पुन्हा अंगठा लागणार, म्हणून तो लॅपटॉप उघडाच ठेवून छातीशी ओढणीने बांधायचा आणि तसाच तलासरीपर्यंत जायचा. आई हसायची. "तुझ्याजवळ एक बाळ, त्याच्याजवळ एक." मीही हसायचे. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

सव्वा महिन्याने मी सासरी परतले. वाटलं, दोन-चार आठवड्यांत पोरीला घेऊन गाळ्यावर जाईन. सासूला मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, "पोर वर्षाची होऊ दे. तो बसतोय ना? घरातलं केंद्र घरातच आहे." अंगावर पिणारं पोर, रात्रीचं जागरण. गप्प राहणं सोपं पडलं.

सकाळची रीत मात्र चालू राहिली. मी चुलीपुढे बसलेली असायचे, हाताला नागलीचं पीठ. नवरा मशीन पुढे करायचा. "अंगठा दे." मी पदराला हात पुसून अंगठा टेकवायचे. मशीनमधला लाल दिवा लागायचा, तो निघून जायचा. केंद्रात कोण आलं, कुणाचं काम झालं, कुणाचं अडकलं, मला काही कळायचं नाही. सुरुवातीला विचारायचे. "चाललंय गं," एवढंच उत्तर. पोरीला लस द्यायला गेले तेव्हा रस्त्यातून गाळा पाहिला. बोर्ड नवा होता. त्यावर नवऱ्याचा फोटो, खाली त्याचं नाव. माझं नाव कुठेच नव्हतं. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाला, "जुना फाटला होता. लोक मला ओळखतात आता. त्यात काय?"

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा अंगठा दिला.

जूनच्या शेवटी, प्रवेशांच्या दिवसांत, शेजारच्या पाड्यावरची एक बाई थेट घरी आली. तिची मुलगी बारावी झालेली, तिला नर्सिंगला जागा मिळाली होती. हातात पावती, घडी घालून घालून मऊ झालेली. ती ओट्यावर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "दाखला परत आला. परवा शेवटचा दिवस आहे. कॉलेजवाले म्हणतात, जातीचा दाखला नाही तर जागा दुसऱ्याला."

मी म्हटलं, "केंद्रात गेला होतात का?"

"दोनदा. तुझा नवरा म्हणतो, वरून परत आलं, मी काय करू. वाचून घेतलं मी दुसऱ्याकडून. पावतीवर त्याचं नाव नाही, तुझं आहे. तुझ्या आईला अंगठ्यासाठी तीनदा परत पाठवलेलं, हे तूच सांगितलेलं ना आम्हाला? मग आता तू काय केलंस?"

पावती खरंच माझ्या नावाची होती. खाली वेळ होती सकाळी अकराची. त्या वेळी मी पोरीला आंघोळ घालत असणार.

मी मोबाईलवर अर्ज पाहिला. चूक दोन मिनिटांत सापडली. आमच्याकडे अख्ख्या पाड्याचं आडनाव एकच असतं, आणि नावंही तीच तीच फिरतात. एका पाड्यात एकाच नावाचे चार बाप सापडतील. म्हणून मी प्रत्येकाला आजोबाचं नाव आणि घर कुठल्या अंगाला, हे विचारायचे आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवायचे. नवऱ्याने विचारलं नव्हतं. मुलीच्या अर्जाला बापाचा म्हणून शेजारच्या माणसाचा शाळेचा दाखला जोडला होता. नाव तेच, आडनाव तेच, माणूस दुसरा.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. "घाई होती, पन्नास लोक होते. उद्या बघतो."

"तू नको. मी येते."

"पोर कोण बघेल?"

"पोर घेऊन येते."

तो हसला नाही, चिडलाही नाही. ताट सरकवून उठला. आत्या चुलीकडून म्हणाल्या, "बायको खुर्चीत नी नवरा झोळी हलवतो, असं दाखवायचंय का गावाला? शिकलेली सून आणली नी घरात पंचायत आणली."

मी म्हटलं, "आत्या, तुमच्या गाईच्या कानातला बिल्ला दुसऱ्याच्या गाईला लावला तर तुम्ही गप्प बसाल?"

"माझ्या गाईचे बिल्ले माझ्या गाईलाच आहेत," त्या म्हणाल्या.

सकाळी नेहमीसारखं मशीन पुढे आलं. "अंगठा दे."

हेच शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. मजुरीच्या कागदावर, कर्जाच्या कागदावर, रेशनच्या दुकानात, माझ्या आईला कुणी ना कुणी म्हणायचं, अंगठा दे. मी पदवी घेतली, आणि माझ्या घरात, माझ्या चुलीपुढे, मला तेच म्हणत होते. आईकडे निदान कशासाठी ते सांगून तरी मागायचे. मी मूठ मिटली.

"आज इथे नाही. गाळ्यावर देते."

"लोक येऊन उभे असतील."

"म्हणूनच."

त्याने मशीन तसंच धरून ठेवलं. किती वेळ ते माहीत नाही, भाकरी एका बाजूने करपली. आत्या दारात. पोर झोळीत रडायला लागली आणि कुणी हललं नाही. मला खरंच भीती वाटत होती. तो हात उगारेल याची नाही, तो तसा नाही. भीती ही की मीच मूठ उघडीन. सवय झाली होती.

शेवटी तो मशीन पिशवीत टाकून निघाला. बाइक जोरात सुरू झाल्याचा आवाज आला. मी पोरीला उचललं, कापडाने पाठीशी बांधलं, पदवीचं सर्टिफिकेट पिशवीत घातलं. त्याची काही गरज नव्हती. तरी घातलं.

तीन किलोमीटर चालायला पाऊण तास लागला. गाळ्यापुढे वीसएक माणसं उभी होती. नर्सिंगवाली मुलगी आणि तिची आई सगळ्यात पुढे. नवरा खुर्चीत बसलेला, लॅपटॉप उघडा, आणि त्यावर तोच चौकोन, ज्यात अंगठा लागतो. तो लोकांना सांगत होता, "नेट नाही."

एक म्हातारा बाहेरून म्हणाला, "नेट आता चालत आलं बघा."

दोघं-तिघं हसले. नवऱ्याचे कान लाल झाले. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. नवऱ्याची अब्रू काढायला मी आले नव्हते. मी टेबलाजवळ उभी राहिले आणि हळू आवाजात म्हटलं, "ऊठ. आधी हिचं काम करू. मग बोल काय बोलायचं ते."

तो माझ्याकडे बघत नव्हता. पोरीकडे बघत होता. ती माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे हात टाकत होती. तो उठला. बाजूने निघून बाहेर गेला. मला वाटलं, हा आता घरी जाणार, आणि मग घरात काय होईल ते होईल.

मी बसले. अंगठा टेकवला, काम उघडलं. मुलीला विचारलं, आजोबाचं नाव काय, घर विहिरीच्या अंगाला की शाळेच्या? ती भराभरा सांगत गेली. तिच्या बापाचा खरा दाखला तिच्याच पिशवीत होता. कुणी मागितलाच नव्हता. तो जोडून अर्ज पुन्हा पाठवला. मग पावती तिच्या आईच्या हातात न देता मी दोघींना बरोबर घेतलं, शटर अर्धं ओढलं आणि तहसीलला गेले. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये. पोरीला तिथेच बाकावर पाजलं. साहेब बाहेर आल्यावर मी सांगितलं, "चूक माझ्या केंद्राची आहे. मुलीची नाही." हे वाक्य बोलायला जड गेलं. त्यांनी कागद पाहिले, मला दोन शब्द सुनावले. ते मी ऐकून घेतले. दाखला दुसऱ्या दिवशी दुपारी सही होऊन आला. मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

तहसीलमधून परत आले तेव्हा शटर पूर्ण वर होतं. नवरा खुर्चीत नव्हता. बाहेरच्या बाकावर बसून लोकांचे कागद बघत होता. प्रत्येकाला विचारत होता, "आजोबाचं नाव?" आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहीत होता. मी आत गेले. तो आत आला नाही. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो, पुढे आठवडाभर तसंच. आत्या तर महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवसापासून दुपारी बाराला त्या पोरीला पाजायला गाळ्यावर घेऊन यायच्या. माझ्या मांडीवर ठेवायच्या, तोंड रस्त्याकडे करून बसायच्या, पिऊन झालं की उचलून न्यायच्या. एकदा जाताना लोकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिला वेळेवर जेवायला पाठवा. पोरीला दूध कुठून येणार?"

सगळं सरळ झालं असं म्हणणार नाही. अजूनही पोरीला ताप आला की घरातल्या सगळ्या नजरा आधी माझ्याकडे वळतात. नवऱ्याला कंपनीने पुन्हा घेतलं, तो गेला. सुट्टीच्या दिवशी येतो, बाकावर बसतो. नव्या बोर्डाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. एके सकाळी मी आले तर तो शिडीवर उभा होता, आणि फोटोवाला बोर्ड खाली भिंतीला टेकून ठेवलेला होता.

आता बोर्डावर माझं नाव आहे, त्यापुढे बी.कॉम. काम रोज माझ्या अंगठ्याने उघडतं, आणि तो अंगठा मी स्वतः जाऊन, माझ्या खुर्चीत बसून लावते.