‘नाही’चं बटण

संस्थेत तिला सगळे हट्टीताई म्हणत आणि तिला त्या नावाचा जरा अभिमानच होता. आजारांची माहिती देणारा संस्थेचा विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट, ती सांभाळायची. कोणीही उघडावा, वाचावा, त्यात भर घालावी. उघडताच पाटी यायची: तुम्ही काय वाचता याची नोंद ठेवू का? हो की नाही?

ताईच्या धाकट्या बहिणीने छातीतल्या गाठीबद्दल तिथे वाचलं. ‘नाही’ दाबूनच वाचलं. तरी घरातल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर गाठीच्या उपचारांच्या जाहिराती झळकायला लागल्या आणि तिने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी विचारलं, “काय लपवतेस गं?”

ताईने तपासून पाहिलं. पाटी नुसती तोंडदेखली! कुकी, म्हणजे वाचकाच्या मागावर राहणारी खूण, उत्तर यायच्या आधीच बसत होती. ताईचं डोकं सणकलं. त्याच दिवशी तिने ‘नाही’ला खरंखुरं ‘नाही’ केलं, आणि ‘हो’इतकंच मोठं.

वाचकांनी धडाधड ‘नाही’ दाबलं. विकीचा खर्च भागवणारे जाहिरातदार कुरकुरले. संस्थेचे साहेब तणतणत आले.

“पूर्वीसारखं करून टाका.”

“कायद्यात बसत नाही, साहेब.”

“कायदा कोण बघायला येतंय? तुमचं कंत्राट या महिन्यात संपतंय, तेवढं बघा.”

ताईचं घर तिच्याच पगारावर चालत होतं. पण ती उठली आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. “बसा. तुमच्या नावाने तुम्हीच बदला.”

विकीची रीतच अशी, की कोणी काय बदललं आणि का, हे इतिहासाच्या पानावर कोणालाही वाचता येतं. साहेबांनी बदल केला, पण कारणाची चौकट भरल्याशिवाय तो जतन होईना. त्यांनी ‘सुधारणा’ लिहिलं, पुसलं. ‘वाचकांच्या सोयीसाठी’ लिहिलं. ताई मागे हाताची घडी घालून उभी. तेही पुसलं.

“तुम्हीच सुचवा की काहीतरी!”

“खरं तेच लिहा ना. मी कुठे अडवलंय?”

साहेब चौकट रिकामी सोडून निघून गेले.

महिनाअखेरीस ताईचं कंत्राट संपलं, ते कोणी वाढवलं नाही. त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तपासणीआधी तिला पुन्हा वाचायचं होतं. “ताई, आता नाही म्हटलं तर ते नाहीच ना गं?”

ताईने इतिहासाचं पान उघडलं. सगळ्यात वर अजून तिचंच नाव होतं आणि शेजारी तिने लिहिलेलं कारण: ‘विचारलंय, तर उत्तर ऐका.’

“वाच बिनधास्त,” ताई म्हणाली.