ठमाबाईच्या दाढेचं तिसरं मूळ

कल्याणच्या बाजारात धोंडीबा न्हाव्याने ठमाबाईची दाढ उपटली, तेव्हा तिला दोघांनी धरलं होतं. नवऱ्याने, काळुरामने, तिचं डोकं गुडघ्यांत आवळलं होतं आणि दिराने हात पिरगाळून पाठीशी दाबले होते. धोंडीबाने जंबूर लावून हिसका दिला. दाढ मोडली. मग त्याने खणून खणून दोन मुळं काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"खालच्या दाढेला दोनच मुळं असतात. दोन्ही आली. आता खुशाल भाकर खा."

हे १८८३ सालचं. ठमाबाई दिवा गावच्या मिठागरात राबायची, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन पुरुषांच्या बरोबरीने धावायची. दुखण्याचे लाड तिला ठाऊक नव्हते. पण महिनाभरात जबडा पुन्हा सुजला, तोंडात पू यायला लागला. घास गिळताना ती किंचाळायची.

"दाढच नाय, तर दुखतंय काय?" काळुराम खेकसला.

सासूने ठरवलं, बाधा आहे. भगत आला. त्याने निरगुडीच्या ओल्या फोकांनी ठमाबाईला झोडपलं आणि मग तापलेल्या विळ्याने गालावर डाग दिला. कातडी चरचरली. ठमाबाईने चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि त्याच्या खांद्यावर हाणलं. भगत बोंबलत अंगणाबाहेर पळाला. काळुराम अंगावर धावून आला, तर तेच लाकूड तिने त्याच्या तोंडासमोर धरलं.

"मना हात लावून बघ!"

तो थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती एकटी चालत कल्याणला गेली.

"परत बघ," ती धोंडीबाला म्हणाली.

"अगं बाय, दोन्ही मुळं तर..."

"बघ म्हणते ना! आणि धरायला कोणी नको."

गालावरचा डाग पाहून धोंडीबाने तिला दुकानात बसवलं. त्याने बोटाने हिरडी चाचपली. जिभेच्या बाजूला काहीतरी टोचलं. त्याने वस्तऱ्याने चीर दिली, तसं पू आणि रक्त भळभळलं. ठमाबाईने दुकानाचा खांब दोन्ही हातांनी कवटाळला. जंबूर दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तिचे दात त्याच्या बोटात हाडापर्यंत रुतले, पण त्याने पकड सोडली नाही. मूळ बाहेर आलं. बारीक, आणि गळासारखं वाकडं.

धोंडीबा ते बघतच राहिला.

"तीस वर्षं दाढा उपटतोय. असं तिसरं मूळ किती जणांच्या तोंडात ठेवून दिलं असेल गं मी? चुकलो."

ठमाबाईने रक्त थुंकलं आणि त्याच्या कानफटात मारली. त्याने तिला चूळ भरायला पाणी दिलं.

पंधरा दिवसांत सूज उतरली. डाग मात्र राहिला, आणि जबडा पुढे कधी पुरता उघडला नाही. ती आणखी वीस वर्षं पाट्या वाहत होती. काळुरामने तिच्यावर पुन्हा हात उगारला नाही. सासू मात्र मरेपर्यंत सांगत राहिली, बाधा भगतानेच काढली म्हणून.